इंग्रजी अलंकार ओळखायचे कसे? अँटनीचं एक भाषण पुरेसं आहे

इंग्रजी साहित्याचा अभ्यास सुरू केला की हातात एक यादी पडते. सिमिली, मेटाफर, मेटॉनिमी, सिनेक्डकी, अ‍ॅनाफोरा, लायटोटीज. प्रत्येकापुढे एक व्याख्या आणि एक उदाहरण. यादी पाठ होते, पण परीक्षेत अनोळखी उतारा आला की त्यातलं एकही नाव आठवत नाही, आणि आठवलंच तर चुकीच्या ओळीला चिकटवलं जातं. यादीत अलंकार सुटा असतो. लिखाणात तो कुणाच्या तरी गरजेपोटी आलेला असतो, आणि ती गरज दिसली नाही तर अलंकारही दिसत नाही. म्हणून यादी बाजूला ठेवू, एकच उतारा घेऊ आणि नावं लागतील तशी उचलू.

उतारा आहे शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर'मधला, तिसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश. सीझरच्या प्रेताशेजारी उभा राहून मार्क अँटनी रोमच्या लोकांपुढे बोलतो ते भाषण. नाटक १५९९ च्या सुमाराचं, छापून आलं १६२३ मध्ये. संहिता नेटवर फुकट मिळते, फोल्जर शेक्सपिअर लायब्ररीच्या संकेतस्थळावर ओळींच्या क्रमांकांसकट आहे. ती शेजारी उघडून ठेवा. मी ओळी देवनागरीत देतोय, त्याचा एक अनपेक्षित फायदा पुढे सांगेन.

आधी परिस्थिती, मग ओळी

इ.स.पू. ४४, १५ मार्च. ब्रूटस, कॅशस आणि त्यांच्या साथीदारांनी सीझरला भोसकून मारलंय. बाहेर लोक बिथरलेत. अँटनी हा सीझरचा जवळचा माणूस. त्याला प्रेतापुढे बोलायचंय. ब्रूटस परवानगी देतो, पण अटी घालून: आम्हाला दोष द्यायचा नाही, सीझरबद्दल हवं तेवढं चांगलं बोल, आमच्या परवानगीने बोलतोय हे सांग आणि माझं भाषण झाल्यावरच बोल. कॅशस त्याला बाजूला घेऊन सांगतो की तू काय करतोयस तुला कळत नाहीये. ब्रूटस ऐकत नाही.

आता अँटनीची अडचण बघा. दोष द्यायचा नाही ही अट पाळायची आणि तरीही खुन्यांना लोकांच्या नजरेतून उतरवायचं. सरळ बोलायची वाट बंद. या भाषणातले निम्मे अलंकार या एका अडचणीतून आलेत. कुठलाही उतारा वाचताना पहिला प्रश्न हाच विचारायचा: कोण बोलतंय, कुणाशी, आणि याला सरळ का बोलता येत नाही? जाहिरात असो, अग्रलेख असो, कविता असो, या प्रश्नाचं उत्तर मिळालं की पुढचं काम बरंच सोपं होतं.

साधं वाक्य शेजारी लिहून बघा

पहिली ओळ सगळ्यांना माहीत असते. 'फ्रेंड्स, रोमन्स, कंट्रीमेन, लेंड मी युअर इअर्स.' समासात पेन्सिलीने तिचा साधा मराठी अर्थ लिहा: लोकहो, माझं ऐका. आता मूळ ओळीत जास्तीचं काय आहे ते मोजा. जे जास्तीचं किंवा वाकडं दिसेल तिथेच अलंकार असतो. ही युक्ती कधीच फसत नाही असं नाही, पण नवशिक्याला याच्याइतकी उपयोगी दुसरी युक्ती मला माहीत नाही.

एक, हाक एकदा मारून भागलं असतं, ती तीनदा मारलीय. इंग्रजी उच्चारात फ्रेंड्स हा एका अवयवाचा (सिलॅबलचा) शब्द, रोमन्स दोन अवयवांचा, कंट्रीमेन तीन. आवाज पायरीपायरीने वर चढतो. तीनच्या या रचनेला ट्रायकोलन म्हणतात. पण नाव लिहून थांबू नका, ब्रूटसच्या भाषणाची सुरुवात काढून शेजारी ठेवा. तो म्हणाला होता, 'रोमन्स, कंट्रीमेन, अँड लव्हर्स.' तेव्हाच्या इंग्रजीत लव्हर्स म्हणजे जिवलग मित्र. म्हणजे दोघांनी जवळजवळ तेच तीन शब्द वापरले. ब्रूटससाठी समोरचे आधी नागरिक आहेत आणि शेवटी मित्र, अँटनीने मित्रांना पुढे आणलं. ब्रूटस पुढे लगेच सांगतो की माझं ऐका, गप्प राहा. अँटनी उसनं मागतो. शब्दांचा क्रम हासुद्धा अलंकाराचाच भाग असतो, आणि परीक्षेत याबद्दल एक वाक्य लिहिणारे फार थोडे असतात.

दुसरं जास्तीचं म्हणजे कान. कान उसने देता येत नाहीत. इथे कान म्हणजे लक्ष. ही मेटॉनिमी. मराठी व्याकरणात शब्दशक्ती शिकताना लक्षणा नावाचं जे प्रकरण होतं, त्याच्या ही अगदी शेजारी बसते.

मेटॉनिमी आणि मेटाफर यांत भल्याभल्यांचा गोंधळ होतो, तो पानिपताने सोडवता येतो. पानिपतच्या पराभवाची बातमी 'दोन मोती गळाले' अशा सांकेतिक भाषेत आली, हे आपण इतिहासात वाचलंय. विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ गेले असा त्याचा अर्थ. त्याच लढाईबद्दल 'सव्वा लाख बांगडी फुटली' असंही म्हणतात. मोत्याचा आणि विश्वासरावांचा प्रत्यक्षात काही संबंध नाही, दोन्ही मौल्यवान एवढंच साम्य. ते मेटाफर. बांगडी मात्र खरोखर त्या बाईच्या हातात होती आणि नवरा गेल्यावर खरोखर फुटली. वस्तू आणि माणूस यांचा प्रत्यक्ष लागाबांधा आहे. ती मेटॉनिमी. साम्य दिसलं तर मेटाफर, लागाबांधा दिसला तर मेटॉनिमी. लागाबांधा अवयव आणि शरीर असा असेल, म्हणजे भागावरून अख्खी वस्तू सुचवली असेल, तर काहीजण तिला सिनेक्डकी असं वेगळं नाव देतात. जहाजावर सगळ्या खलाशांना बोलावताना 'ऑल हँड्स' म्हणतात ते तिचं नेहमीचं उदाहरण. या दोघींच्या सीमेवरून अभ्यासकही भांडतात, तेव्हा त्यावर रात्र जागवू नका.

दोन ढीग करा

यानंतर जे सापडेल ते दोन ढिगांत टाकत जा. एका ढिगात अर्थ वाकवणारे, म्हणजे शब्दाला त्याच्या रोजच्या अर्थावरून हलवणारे. मेटाफर, मेटॉनिमी, आयरनी (उपरोध), हायपर्बली (अतिशयोक्ती) यातले. (लिहिताना शेवटी बोल दिसतं म्हणून हायपरबोल म्हणू नका, उच्चार हायपर्बली.) दुसऱ्या ढिगात मांडणीचे, म्हणजे शब्दांचा अर्थ तोच पण त्यांची रचना ठरवून केलेली. इंग्रजीत पहिल्यांना ट्रोप आणि दुसऱ्यांना स्कीम म्हणतात.

आपण शाळेत शिकलेले अर्थालंकार पहिल्या ढिगात बऱ्यापैकी बसतात. उपमा, रूपक, अतिशयोक्ती, चेतनगुणोक्ती यांची इंग्रजी नावं घोकायचीही फारशी गरज नसते. अडतं ते दुसऱ्या ढिगापाशी. अनुप्रास, यमक आणि श्लेष यांपलीकडे वाक्याच्या बांधणीकडे शाळेने आपलं लक्ष फारसं वेधलेलं नसतं, आणि इंग्रजी वक्तृत्वाचं तर सगळं वजन वाक्याच्या बांधणीवर. म्हणून नवशिक्याने वेळ द्यावा तो इथे.

पुढची ओळ घ्या. 'आय कम टु बरी सीझर, नॉट टु प्रेझ हिम.' पुरायला आलोय, गोडवे गायला नाही. दोन क्रिया तराजूत समोरासमोर ठेवल्या, हा अँटिथिसिस. लगेच पुढे दुसरा येतो: माणसाचं वाईट त्याच्यामागे उरतं, चांगलं बहुतेकदा हाडांबरोबर पुरलं जातं. इथे पुरण्याची कल्पना परत आलीय (आधी 'बरी', आता 'इंटर्ड') ती बघितलीत का? पुरायला आलोय म्हणाला, आणि चांगलंच पुरलं जातं म्हणाला. म्हणजे सीझरमध्ये चांगलं होतं, हे त्याने न सांगता सांगून टाकलं.

मांडणीचे बाकीचे प्रकार अँटनीपेक्षा विसाव्या शतकातल्या भाषणांत जास्त ठळक दिसतात, म्हणून थोडं बाहेर जाऊ. ४ जून १९४० ला चर्चिल ब्रिटिश संसदेत बोलले त्यात 'वी शॅल फाइट' हे शब्द वाक्यखंडांच्या सुरुवातीला पुन्हा पुन्हा येतात: किनाऱ्यांवर, शेतांत, रस्त्यांत, डोंगरांत. सुरुवात तीच ठेवायची, याला अ‍ॅनाफोरा म्हणतात. शेवटचा तुकडा 'वी शॅल नेव्हर सरेंडर'. तिथे सुरुवात तीच आहे, पण फाइट गेलं, जागा नाही, वाक्य तोकडं. पुनरुक्तीची खरी गंमत ती जिथे मोडते तिथे असते. शेपूट तेच ठेवलं तर ती इपिस्ट्रफी. १८६३ मध्ये गेटिसबर्गला लिंकन म्हणाले ते 'ऑफ द पीपल, बाय द पीपल, फॉर द पीपल' हे तिचं उदाहरण. शब्दयोगी अव्यय तेवढं बदलतं, जनता जागची हलत नाही. आणि शब्द उलटे फिरवले तर कायॅझमस: १९६१ च्या पदग्रहणाच्या भाषणात केनेडींनी देश तुमच्यासाठी काय करेल हे विचारू नका, तुम्ही देशासाठी काय कराल ते विचारा असं म्हटलं, त्यात देश आणि तुम्ही यांनी जागा बदलल्या. याच्या काटेकोर रूपाला आणखी एक लांबलचक नाव आहे, सध्या कायॅझमस एवढं पुरे.

आयरनी: इथे घाई करू नका

आता भाषणाचा गाभा. 'फॉर ब्रूटस इज अ‍ॅन ऑनरेबल मॅन.' ब्रूटस सन्माननीय गृहस्थ आहे. पहिल्यांदा हे वाक्य येतं तेव्हा त्यात काहीच वाकडं नाही. परवानगी देणाऱ्याचे आभार मानावेत तसं ते येतं. मग अँटनी सांगतो की सीझरने युद्धकैदी आणले, त्यांच्या खंडणीने रोमचा खजिना भरला, ही महत्त्वाकांक्षा वाटते का? गरीब रडले तेव्हा सीझरही रडला. महत्त्वाकांक्षा याहून कठीण मातीची असायला हवी. पण ब्रूटस म्हणतो तो महत्त्वाकांक्षी होता, आणि ब्रूटस सन्माननीय गृहस्थ आहे. लुपर्कलच्या सणाला मी त्याला तीनदा मुकुट देऊ केला, तीनदा त्याने नाकारला. तरी ब्रूटस म्हणतो तो महत्त्वाकांक्षी होता, आणि खरंच, ब्रूटस सन्माननीय गृहस्थ आहे.

शब्द तेच. दर वेळी मध्ये एक पुरावा येतो आणि शब्दाचा अर्थ थोडा सरकतो. पुढे तो म्हणतो, ज्या सन्माननीय गृहस्थांच्या खंजिरांनी सीझरला भोसकलं त्यांच्यावर माझ्याकडून अन्याय होईल अशी भीती वाटते. सन्माननीय आणि खंजीर एकाच वाक्यात! आणि मग गर्दीतलाच एकजण ओरडतो: ते देशद्रोही होते, कसले सन्माननीय! अँटनीने अट मोडलेलीच नाही. दोष लोकांनी दिला.

ही व्हर्बल आयरनी, बोलण्यातला उपरोध. शब्द एक सांगतात, रोख उलटा असतो. आपल्याकडे 'वा, काय दिवे लावलेत!' हे ऐकून कुणी दिवे शोधायला जात नाही. शाळेतली व्याजस्तुती याच कुळातली.

आयरनीचे आणखी दोन प्रकार आहेत आणि त्यांचा बोलण्याच्या सुराशी संबंध नाही. ड्रॅमॅटिक आयरनीत प्रेक्षकाला जे माहीत असतं ते पात्राला माहीत नसतं. आधीच्याच प्रवेशात अँटनी एकटा असताना सूडाची शपथ घेतो. ती आपण ऐकली, ब्रूटसने नाही. त्यामुळे पुढच्या प्रवेशात ब्रूटस मोठ्या मनाने लोकांना अँटनीचं ऐकायला सांगून निघून जातो तेव्हा आपल्या पोटात गोळा येतो. सिच्युएशनल आयरनीत जे साधायला जावं त्याच्या नेमकं उलट पदरात पडतं. ब्रूटसने रोम वाचवायला खून केला आणि रोम यादवीत लोटलं गेलं. भाषणानंतरच्या छोट्याशा प्रवेशात पेटलेला जमाव सिना नावाच्या कवीला धरतो, कारण कटवाल्यांतही एक सिना होता. तो जीव तोडून सांगतो, मी तो नव्हे, मी कवी सिना. तर एकजण म्हणतो, मग याच्या वाईट कवितांसाठी याला फाडा. कविता लिहिणाऱ्यांनी हा प्रवेश जरूर वाचावा.

नुसत्या योगायोगाला मात्र आयरनी म्हणू नका. छत्री विसरलात आणि पाऊस आला, हे नशीब. छत्र्यांच्या दुकानाचा मालक भिजला तर विचार करता येईल.

मी काही बोलत नाही, पण...

ग्रामपंचायतीच्या प्रचारात ही चाल प्रत्येकाने ऐकलेली असते: 'समोरच्या उमेदवाराच्या घरच्या भानगडींबद्दल मी चकार शब्द काढणार नाही.' काढून झाला की! इंग्रजीत याला पॅरालिप्सिस म्हणतात. अँटनी सीझरचं मृत्युपत्र बाहेर काढतो आणि म्हणतो, माफ करा, मी वाचणार नाही. सीझरचं तुमच्यावर किती प्रेम होतं हे तुम्हाला न कळलेलंच बरं. तुम्ही त्याचे वारस आहात हे तुम्हाला माहीत नाही ते ठीकच आहे. न वाचता सगळं सांगून झालं. थोड्या वेळाने तो म्हणतो की मी काही ब्रूटससारखा वक्ता नाही, साधा सरळ माणूस आहे. हे वाक्य ज्याच्या तोंडून येतं त्याच्यापासून सावध राहावं.

काही सापळे

सिमिली ओळखायला लाइक किंवा अ‍ॅज शोधा असं शिकवतात. शोधा, पण सापडल्यावर तपासा. 'अ‍ॅज सीझर लव्हड मी, आय वीप फॉर हिम' या ब्रूटसच्या वाक्यात अ‍ॅज आहे, सिमिली नाही. तिथे त्याचा अर्थ 'ज्याअर्थी' असा आहे. उपमेय कोण, उपमान कोण आणि दोघांत समान काय, या आपल्या शाळेतल्या प्रश्नांची उत्तरं मिळाली तरच सिमिली. उलट अँटनी सीझरच्या झग्यावरचं भोक दाखवत म्हणतो की ब्रूटसने खंजीर उपसला तसं रक्त मागोमाग धावत आलं, जणू दार इतक्या निर्दयपणे ठोठावणारा ब्रूटसच होता का, हे बघायला बाहेर यावं तसं. यात अ‍ॅज खरोखर 'जणू'च्या अर्थाने आहे. आपण याला उत्प्रेक्षा म्हणू. इंग्रजीत तिला वेगळी खोली नाही, ती सिमिलीतच राहते. शिवाय रक्त माणसासारखं दाराशी येतंय, म्हणजे पर्सॉनिफिकेशनही आहे. एका ओळीत दोन अलंकार असले तर दोन्ही लिहा.

'ओ जजमेंट! दाउ आर्ट फ्लेड टु ब्रूटिश बीस्ट्स.' हे विवेका, तू जनावरांकडे पळालास. समोर नसलेल्याला किंवा निर्जीवाला थेट हाक मारणं म्हणजे अपॉस्ट्रोफी. स्वल्पविरामासारखं चिन्ह अक्षराच्या डोक्यावर येतं त्याचंही नाव हेच आहे, दोघांची गल्लत नको. आणि ब्रूटिशमध्ये ब्रूटस ऐकू आला का? हा पन, श्लेषाचा भाऊ.

आता देवनागरीचा फायदा. अ‍ॅलिटरेशन म्हणजे अनुप्रास, तो कानाचा असतो, अक्षराचा नाही. सीझर, सिना, कॅशस, कास्का ही चारही नावं इंग्रजीत एकाच अक्षराने सुरू होतात. देवनागरीत लिहिलीत की दोन ढीग आपोआप पडतात, स चे आणि क चे. नाइफ आणि नेम यांचं पहिलं अक्षर इंग्रजीत वेगळं, देवनागरीत दोन्हीकडे न. शंका आली की ओळ देवनागरीत उतरवा, लिपीच उत्तर देते.

अतिशयोक्तीला खोटं म्हणून फेटाळू नका. १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री संविधान सभेत नेहरू म्हणाले की मध्यरात्रीच्या ठोक्याला, जग झोपलेलं असताना, भारत जागा होईल. आपल्याकडे मध्यरात्र असताना लंडनला संध्याकाळ होती आणि न्यूयॉर्कला दुपार. जग काही झोपलं नव्हतं, हे ऐकणाऱ्यांनाही ठाऊक होतं. झोप आणि जाग यांचा विरोध उभा करायला ते झोपलेलं जग हवं होतं.

उरलेल्यांपैकी तीनच सांगतो. ऑक्सिमोरॉन दोन शब्दांत भांडण लावतो, रोमिओचं 'हेवी लाइटनेस' तसं. पॅरडॉक्स अख्ख्या विधानात असतो: दया करायची म्हणून मला क्रूर व्हावं लागतंय, असं हॅम्लेट म्हणतो. आपल्या विरोधाभासात दोन्ही मावतात. लायटोटीज म्हणजे नकारातून होकार, 'नॉट बॅड'. 'पोरगं काही वाईट नाही हो' म्हणणाऱ्या सासऱ्याला हे समजावून सांगायची गरज पडत नाही.

उत्तर लिहिताना

रसग्रहणात 'कवीने सुंदर अलंकार वापरले आहेत' हे वाक्य लिहू नका, त्याने काहीच कळत नाही. तीन गोष्टी एका दमात याव्यात: अलंकाराचं नाव, उताऱ्यातले नेमके शब्द आणि त्याने काय घडतं. नमुना असा: 'ऑनरेबल या शब्दाच्या पुनरुक्तीतून व्हर्बल आयरनी साधली आहे, प्रत्येक पुराव्यानंतर तोच शब्द आल्यामुळे श्रोत्यांचा त्यावरचा विश्वास उडत जातो आणि अँटनीला आरोप करावाच लागत नाही.' नाव आठवलं नाही तर उरलेल्या दोन गोष्टी तरी लिहा, वाचणाऱ्याला तुम्हाला ओळ कळल्याचं दिसतं. नुसतं नाव लिहिण्यापेक्षा ते बरं.

सरावासाठी लगेच आधीचं ब्रूटसचं भाषण घ्या. ते गद्यात आहे, अँटनीचं पद्यात, ही पहिली नोंद. 'नॉट दॅट आय लव्हड सीझर लेस, बट दॅट आय लव्हड रोम मोअर' यात अँटिथिसिस सापडायला हवा. 'अ‍ॅज'ने सुरू होणाऱ्या वाक्यखंडांत अ‍ॅनाफोरा, आणि शेवटच्या खंडात 'बट' आल्यावर तो कसा वळतो ते बघा. गुलाम व्हावंसं वाटेल इतका नीच इथे कोण आहे, हा ऱ्हेटॉरिकल क्वेश्चन. अशा प्रश्नाला उत्तराची अपेक्षा नसते, तरी ब्रूटस 'उत्तरासाठी थांबतो' असं म्हणून खरंच थांबतो, यावर दोन ओळी लिहून बघा. आणि भाषण संपल्यावर लोक काय ओरडतात ते नीट वाचा. सीझर राजा होईल या भीतीने ज्याने त्याला मारलं, त्या ब्रूटसबद्दल गर्दीतून आवाज येतो, 'लेट हिम बी सीझर.' तिन्हींपैकी ही कुठली आयरनी, ते तुम्ही ठरवा.